बॉक्स्टरची बॅटरी बदलताना काय घ्यावं, आणि त्याआधी काय मोजावं

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. तुमच्या गाडीत जी बॅटरी होती तीच घ्या: ७० अँपिअर-अवर (एएच, म्हणजे बॅटरीची साठवण), एजीएम (आतलं अॅसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं तो प्रकार), त्याच मापाचा डबा, तारीख ताजी. साधी ७४ ची नको. लिथियम तर नकोच. पण पैसे मोजण्याआधी गाडी नुसती उभी असताना किती करंट खाते ते तपासून घ्या, कारण तुम्ही लिहिलेलं वाचून माझा बॅटरीपेक्षा डॅशकॅमवर जास्त संशय आहे.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची हकिगत थोडक्यात: २०१४ ची पोर्शे बॉक्स्टर, म्हणजे ९८१ पिढीची. ठाण्यात घोडबंदर रोडला टॉवरच्या बेसमेंटमध्ये उभी असते. रविवारी सकाळी निघते, पावसाळ्यात तीन-तीन आठवडे हलत नाही. बॅटरी पाच वर्षांपूर्वीची, लेबलवर १२ व्होल्ट, ७० एएच, ७६० ए (सेल मारताना बॅटरी किती अँपिअर देऊ शकते तो आकडा), एजीएम. या पावसाळ्यात दोनदा पूर्ण बसली. सर्व्हिस सेंटरचं कोटेशन बघून डोळे पांढरे झाले, कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याने ‘साहेब, ७४ ची टाका, निम्म्याहून कमीत काम होईल’ असं सांगितलं, आणि एका मित्राने लिथियम सुचवली. गेल्या वर्षी पार्किंग रेकॉर्डिंगवाला डॅशकॅम बसवला, हे तुम्ही जाता जाता शेवटच्या ओळीत लिहिलंय. खरी गोम तिथेच असावी.

मी वागळे इस्टेटमध्ये गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. स्पोर्ट्‌स कारवाले माझ्याकडे वर्षभर थोडे-थोडे येतात आणि नवरात्र लागलं की एकदम वाढतात. जूनमध्ये झाकून ठेवलेली गाडी दसऱ्याच्या पूजेला बाहेर काढायची असते. हार तयार, नारळ तयार, आणि गाडी कुलूपसुद्धा उघडत नाही. या मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘एवढी पॉवरफुल गाडी, तर बॅटरीपण जास्त पॉवरची लागेल ना?’ तसं नाही. इंजिन फिरवायला लागणारा करंट तगडा असतो खरा, पण तो दोन-तीन सेकंदांचा मामला. २०० अँपिअरने तीन सेकंद सेल मारला तरी बॅटरीतून जेमतेम ०.१७ अँपिअर-अवर जातात. तुमच्या बॅटरीला मारतंय ते बाकीचे वीस दिवस.

त्याचा हिशोब सोपा आहे. कुलूप लावलेली आधुनिक गाडी पूर्ण बंद नसते. अलार्म, चावी ओळखणारं रिसीव्हर, घड्याळ, कंट्रोल युनिट्‌सची मेमरी हे सगळं थोडं-थोडं खात राहतं. ५० मिलीअँपिअरपर्यंत आम्ही ठीक मानतो. ५० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, एकवीस दिवसांत २५. नवी ७० ची बॅटरी हे सहन करते, जरा कुरकुरत का होईना, पण गाडी चालू होते. पाच वर्षं जुनी बॅटरी नावालाच ७० असते. आत ४५-५० उरले असतील तर २५ म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि तिथून सेल मारायला ती नाही म्हणणारच.

आता डॅशकॅम. पार्किंग मोडवरचा कॅमेरा पाव अँपिअर, म्हणजे २५० मिलीअँपिअरच्या आसपास ओढू शकतो. दिवसाला सहा अँपिअर-अवर. एकवीस दिवसांचे झाले १२६. सत्तरच्या बॅटरीतून १२६ कोण काढणार? कोरी करकरीत बॅटरी टाकली तरी बाराव्या दिवशी ती शून्यावर येईल, आणि तुम्ही म्हणाल बॅटरीवाल्याने फसवलं. कॅमेरा थेट गाडीच्या वायरिंगला जोडणाऱ्या हार्डवायर किटला व्होल्टेज कट-ऑफ असतो, म्हणजे बॅटरी ठरावीक व्होल्टपर्यंत उतरली की कॅमेरा बंद होतो. इन्स्टॉलर तो बहुतेक वेळा ११.८ वर सोडून देतात. रोज चालणाऱ्या टॅक्सीला तो चालेल, तुमच्या गाडीला नाही. तो १२.४ वर लावा, नाहीतर बेसमेंटमध्ये पार्किंग मोड सरळ बंद ठेवा. तुमच्याच सोसायटीच्या सीसीटीव्हीखाली गाडी उभी आहे.

हे मोजायचं कसं, तर मिलीअँपिअर दाखवणारा डीसी क्लॅम्प मीटर मायनस केबलवर लावायचा. गाडी लॉक करायची, पण त्याआधी पुढच्या झाकणाचं कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने खाली दाबून ठेवायचं, म्हणजे गाडीला झाकण बंद वाटतं आणि मीटर वाचता येतो. चावी लांब न्यायची, खिशात ठेवून शेजारी उभं राहायचं नाही, कीलेस गाडी चावी जवळ असली की जागी होत राहते. मग अर्धा-पाऊण तास थांबायचं. सुरुवातीला मीटर काही अँपिअर दाखवेल, मग टप्प्याटप्प्याने उतरेल. घाईचा माणूस पाचव्या मिनिटाला ‘शॉर्ट आहे’ म्हणून फ्यूज उपसायला लागतो. सगळी युनिट्‌स झोपल्यावर जो आकडा स्थिर होतो तोच खरा. तो ५० च्या आत असेल तर गाडी निर्दोष. १००, २०० असेल तर आधी बाहेरून बसवलेल्या वस्तू काढून बघा: कॅमेरा, जीपीएस ट्रॅकर, ओबीडी सॉकेटमध्ये (स्कॅनर जोडायची जागा) खोचून विसरलेला डोंगल. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत कंपनीच्या वायरिंगपेक्षा नंतर जोडलेल्या वायरिंगचेच दोष फार.

गळती पकडली की जुन्या बॅटरीला एक संधी द्यायची का? द्या, पण आशा ठेवू नका. चांगल्या चार्जरवर एजीएम मोडमध्ये पूर्ण भरा, चार्जर काढून बारा तास शांत ठेवा, मग व्होल्टेज बघा. एजीएम पूर्ण भरलेली असली की १२.८ च्या आसपास दाखवते. साधी लेड-अॅसिड १२.६. ढोबळमानाने १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० म्हणजे जवळपास संपली. त्यानंतर दुकानात टेस्टर लावून घ्या. इथे एक खुबी आहे: उतरलेल्या बॅटरीवर टेस्टर लावला तर तो ‘रिप्लेस’ म्हणतोच, आणि विकणाऱ्याला तेच हवं असतं. भरलेल्या बॅटरीवर टेस्ट करा आणि छापील ७६० च्या तुलनेत आकडा किती येतो ते बघा. तुमची पाच वर्षांची, त्यात दोनदा तळाला गेलेली. प्लेटवर सल्फेट घट्ट बसलं असणार. मी असतो तर बदललीच असती.

आता तीन पर्याय. कोपऱ्यावरच्या दुकानदाराची ७४ ची साधी बॅटरी आधी घेतो, कारण तो माणूस खोटं बोलत नाहीये. ७४ एएच, ६८० ए ही साधी डीआयएन (जर्मन मानकाच्या मापाची) बॅटरी २७८ मिलिमीटर लांब, १७५ रुंद, १९० उंच अशा डब्यात येते. तुमची ७० ची एजीएमही बरोबर त्याच मापात. ती ट्रेमध्ये नीट बसेल, क्लॅम्प घट्ट होईल, केबल पोहोचतील, गाडी चालू होईल. शिवाय ७४ हा आकडा ७० पेक्षा मोठा. पैसे निम्मे. मग हरकत काय?

हरकत पहिली, चार्जिंगची. तुमच्यासारख्या स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीत, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होतं तिच्यात, अल्टरनेटर (बॅटरी भरणारा जनरेटर) एकाच व्होल्टेजवर चालत नाही. मायनस टर्मिनलवर बसलेला सेन्सर बॅटरीत किती आत गेलं, किती बाहेर आलं, तापमान किती हे सतत सांगत असतो, आणि गाडी त्याप्रमाणे व्होल्टेज वर-खाली करते. ब्रेकिंगमधून मिळणारी वीज सामावून घ्यायला जागा हवी म्हणून ती बॅटरी मुद्दाम थोडी रिकामी ठेवते. एजीएमला अशा अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहायची सवय असते, साध्या बॅटरीला नसते. तिच्या प्लेटवर सल्फेट साचतं. उलट एजीएमसाठी ठरवलेला वरचा व्होल्टेज साध्या बॅटरीतलं पाणी उडवतो, आणि हल्लीच्या बंद डब्यात पाणी टाकायला झाकणही नसतं. दुसरी हरकत उभ्या गाडीची: खोलवर उतरणं आणि परत भरणं हे चक्र एजीएम बरंच जास्त वेळा सोसते. तिसरी मात्र जागेची. तुमची बॅटरी पुढच्या डिकीत, काचेखालच्या प्लॅस्टिकच्या कव्हरमागे आहे. इंजिन सीटच्या मागे. आजूबाजूला वायरिंगचे जुडगे आणि केबिनची हवा ओढणारा भाग. तिथे अॅसिडची वाफ सोडणारा डबा ठेवावा असं मला वाटत नाही.

‘मी स्टार्ट-स्टॉप बंदच ठेवतो’ असं तुम्ही म्हणाल. जवळपास सगळेच म्हणतात, आणि तीन हात नाक्यावर उकाड्यात सिग्नलला उभं राहिल्यावर मीही तेच करीन. पण बटण दाबल्याने इंजिन बंद पडणं थांबतं. चार्जिंगचा बाकी हिशोब गाडी तसाच चालवत राहते.

याचा अर्थ प्रत्येक स्पोर्ट्‌स कारला एजीएमच लागते असा नाही. कोणाकडे जुनी ९८६ किंवा ९९६ असेल, किंवा स्टार्ट-स्टॉप यायच्या आधीची कुठलीही दोन दरवाज्यांची गाडी असेल, आणि तिच्यात कंपनीनेच साधी बॅटरी दिली असेल, तर चांगली साधी बॅटरी बिनधास्त टाका. तिथे एजीएमवर दुप्पट पैसे घालून फारसं काही मिळत नाही. नियम उलटा मात्र चालत नाही: एजीएम होती तिथे खाली उतरायचं नाही. मधला प्रकार, ईएफबी (सुधारलेली साधी बॅटरी), आपल्याकडे छोट्या स्टार्ट-स्टॉप गाड्यांमुळे आता सहज मिळतो. तोही साध्यापेक्षा बरा, पण एजीएमची जागा घेत नाही.

‘एजीएम आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही’ हे वाक्य तुम्हाला ठाण्यात दहा जण ऐकवतील. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. उष्णता प्रत्येक लेड-अॅसिड बॅटरीला खाते. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा अंदाज या धंद्यात धरतात. एजीएममध्ये पाणी वरून टाकता येत नाही म्हणून इंजिनाला चिकटून बसलेली एजीएम लवकर सुकते. तुमचं मात्र नशीब चांगलं: इंजिन मागे, बॅटरी पुढे, गाडी बेसमेंटमध्ये. एजीएमसाठी याहून बरी जागा ठाण्यात कुठली शोधणार? हेच जर पोडियमवर उघड्यावर, एप्रिल-मेच्या उन्हात गाडी उभी असती तर मीही थोडा विचार केला असता.

आता लिथियम. मित्राचा सल्ला हवेतला नाही. पोर्शेनेच नोव्हेंबर २००९ मध्ये लिथियम-आयन स्टार्टर बॅटरी जाहीर केली आणि जानेवारी २०१० पासून ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्स्टर स्पायडरसाठी पर्याय म्हणून दिली. वजन सहा किलोच्या आत, ६० एएचच्या लेड बॅटरीपेक्षा दहा किलोहून जास्त हलकी. जर्मनीत किंमत करासह १,९०४ युरो. पण त्या पर्यायासोबत कंपनी एक साधी बॅटरीसुद्धा गाडीबरोबर देत होती, कारण शून्याखालच्या थंडीत लिथियमची स्टार्ट करायची ताकद कमी पडते. म्हणजे ट्रॅकवर जाताना हलकी लावा, एरवी नेहमीची.

थंडीची चिंता आपल्याला नाही. आपल्याला चिंता दुसऱ्या आकड्याची. त्या बॅटरीची खरी क्षमता १८ अँपिअर-अवर होती, आणि कंपनी ती ६० च्या लेड बॅटरीच्या तोडीची मानत होती. सेल मारण्यापुरतं ते बरोबर आहे, कारण लिथियम आपली जवळजवळ सगळी साठवण वापरू देते आणि जोरही चांगला देते. पण उभ्या गाडीच्या हिशोबात १८ म्हणजे १८. दिवसाला १.२ जात असतील तर पंधरा दिवसांत खडखडाट. मग आतलं संरक्षण सर्किट बॅटरी तोडतं, गाडीला वीजच मिळत नाही, आणि पुढचं झाकण विजेवर उघडतं. आज बाजारात मिळणाऱ्या हलक्या लिथियम बॅटऱ्यांवर मोठ्या अक्षरात जो एएच लिहिलेला असतो तो अनेकदा असाच ‘लेडच्या तुलनेत’वाला असतो. खरा एएच मागच्या लेबलवर बारीक अक्षरात सापडतो. वॉट-अवर लिहिले असतील तर त्यांना १२.८ व्होल्टने भागा, की खरं काय ते कळेल.

शिवाय तुमच्या गाडीचं चार्जिंग लेडसाठी बसवलेलं. अशा बॅटऱ्यांत नेहमी असणारी लिथियम आयर्न फॉस्फेट १४.६ व्होल्टच्या वर जाऊ द्यायची नसते. आणि गाडी पळत असताना संरक्षण सर्किटने बॅटरी अचानक तोडली तर अल्टरनेटरचा उसळलेला व्होल्टेज कंट्रोल युनिट्‌सवर येतो. ज्याची गाडी ट्रॅकवर जाते, जो प्रत्येक किलो मोजतो आणि गॅरेजमध्ये चार्जर लावून ठेवतो, त्याने लिथियम जरूर घ्यावी. घोडबंदर रोडवर खड्डे चुकवत तीस-चाळीसच्या वेगाने जाताना पुढून दहा किलो कमी झालेले कोणाला कळणार आहेत?

तर एजीएम. दुकानात गेल्यावर काय बघायचं ते सांगतो. लांबी-रुंदी-उंची: २७८, १७५, १९०. डब्याच्या तळाला क्लॅम्प पकडायची कड असते, ती हवीच; नुसती वर पट्टी बांधून काम भागवणाऱ्याला नमस्कार करा. टर्मिनल आपल्या बाजूला ठेवून उभं राहिल्यावर प्लस उजवीकडे की डावीकडे, हे जुन्या बॅटरीशी ताडून बघा, फोटो काढून न्या. उलटी आली तर केबल पोहोचत नाहीत आणि मग बसवणारा मुलगा केबल ओढून-ताणून बसवायला बघतो. सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर), म्हणजे ते ७६०, हा उणे १८ अंशांवरचा आकडा. ठाण्यात जानेवारीच्या पहाटेही तो प्रसंग येत नाही. ७२० की ८०० यावर घासाघीस करू नका, तारखेवर करा.

बॅटरी फळीवर पडून राहिली तरी म्हातारी होते, आणि आपल्याकडे मोठ्या एजीएमला गिऱ्हाईक कमी, म्हणून ती पडूनही राहते. डब्यावर उत्पादनाचा कोड असतो, तो दुकानदाराकडून वाचून घ्या आणि स्वतः ताडा. सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर मी घेत नाही. मीटर लावायला सांगा: १२.७ किंवा वर असेल तर ठीक, १२.५ च्या खाली असेल तर ‘चार्ज करून देतो’ म्हणाला तरी दुसरी मागा. वॉरंटी कार्डावर गाडीचं मॉडेल आणि नंबर लिहून, शिक्का मारून घ्या. ‘२४ अधिक २४ महिने’ असं असेल तर पहिल्या २४ मध्ये बदलून मिळते, पुढच्या २४ मध्ये नव्या किमतीवर थोडी सूट मिळते एवढाच त्याचा अर्थ. परदेशातून कोणी आणून दिलेली स्वस्त एजीएम असेल तर इथे दाद कोणाकडे मागायची हे आधी ठरवा. आणि तुमच्याकडचं एखादं कोटेशन जुनं असेल तर नवीन मागून घ्या: २२ सप्टेंबर २०२५ पासून लेड-अॅसिड बॅटरीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

ब्रँडवरून भांडायला मला आवडत नाही. मोठ्या कंपनीची, ताजी, योग्य मापाची एजीएम ही लहान फरकाने सारखीच. सर्व्हिस सेंटरच्या डब्यावर पोर्शेचं नाव असतं, पण पोर्शे काही अशा बॅटऱ्या स्वतः बनवत नाही.

थोडी मोठी घ्यावी का? ८० एएचची एजीएम ३१५ मिलिमीटर लांब येते. ट्रेमध्ये तेवढी जागा आणि क्लॅम्पला दुसरं भोक असेल तर बसते, आणि तुमच्यासारख्या उभ्या राहणाऱ्या गाडीला जवळजवळ आठ दिवस जास्त देते. तीनेक किलो वजन वाढतं. सोसायटी चार्जर लावू देत नसेल तर मी हा मार्ग घेईन, नाहीतर ७० पुरे.

बसवण्याचं काम दारात येऊन बॅटरी बदलणाऱ्या मुलाकडून करून घेऊ नका. ती मुलं मेहनती असतात, पण त्यांचा हात रोजच्या गाड्यांवर बसलेला असतो. या गाडीत चार गोष्टी अडतात. पहिली, पुढचं झाकण. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर ते उघडतच नाही. पायांजवळच्या फ्यूजपेटीत बाहेर ओढायचा प्लस टर्मिनल असतो; तिथे दुसऱ्या बॅटरीची प्लस, दरवाज्याच्या कुलपाच्या धातूच्या कडीला मायनस, मग चावीचं बटण दाबून झाकण उघडायचं. अलार्म वाजेल, घाबरू नका. त्या टर्मिनलवरून गाडी स्टार्ट करायचा प्रयत्न मात्र करायचा नाही, तो फक्त झाकणापुरता. आणि बॅटरी सुटी असताना झाकण आपटून बंद केलंत तर पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी, दरवाज्याच्या काचा. बॉक्स्टरच्या काचेला फ्रेम नाही. दार उघडताना काच जराशी खाली उतरते आणि बंद झाल्यावर वर चढते. वीज नसेल तर ती उतरत नाही, आणि तुम्ही जोर लावून दार बंद केलंत तर छताच्या रबरावर किंवा काचेवर येतं. काम चालू असताना दार उघडंच ठेवा.

तिसरी, वाफेची नळी. बॅटरीच्या दोन्ही टोकांना भोक असतं. एकाला नळी, दुसऱ्याला बूच. नव्या बॅटरीचं बूच चुकीच्या बाजूला असेल तर ते काढून पलीकडे लावायचं आणि नळी नीट खोचायची. ही नळी लोंबकळत सोडलेल्या गाड्या मी इतक्या पाहतो की कोणाचीही बोनेट किंवा डिकी उघडली की आधी तिथेच नजर जाते. एजीएम बंद असली तरी जास्त चार्ज झाली तर व्हॉल्व्हमधून हायड्रोजन सोडते.

चौथी, नोंदणी. नवी बॅटरी लावल्यावर गाडीला स्कॅनरने सांगावं लागतं की बॅटरी बदलली, एवढ्या एएचची, या प्रकारची. नाही सांगितलं तर गाडी अजून पाच वर्षांच्या म्हाताऱ्या बॅटरीचा हिशोब धरून नवीला चार्ज करते, स्टार्ट-स्टॉप बंद ठेवते, कधी कधी स्क्रीनवर बॅटरीचा इशाराही येत राहतो. बीएमडब्ल्यू आणि ऑडीवाल्यांनाही हेच लागू. यासाठी सर्व्हिस सेंटरलाच जायला हवं असं नाही. तुर्भे एमआयडीसीत आणि आमच्या वागळेत योग्य स्कॅनर असलेली स्वतंत्र गॅरेजं आहेत. आधी फोन करून ‘९८१ ला बॅटरी कोडिंग करता का’ एवढंच विचारा. जो ‘त्याची काही गरज नसते’ म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका.

सोडताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी, हे सगळ्यांना माहीत असतं. लावल्यावर काचा वर करून बटण थोडा वेळ दाबून धरा, म्हणजे त्यांना आपली हद्द पुन्हा कळते. गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा दिवा पेटला असेल तर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, थोडं अंतर चालवा, तो जातो.

आणि आता ज्या खर्चाबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत तो. कॅमेरा मार्गी लावा, चांगली एजीएम टाका, तरी पुढच्या पावसाळ्यात तीन आठवडे गाडी उभी राहणारच. त्यासाठी पाच-सात अँपिअरचा, एजीएम मोड असलेला, आपोआप मेंटेनन्सवर जाणारा चार्जर घ्या. दुकानात रात्रभर बॅटऱ्या लावून ठेवतात तो लोखंडी पेटीतला चार्जर नको. त्याला थांबायचं कळत नाही, आणि एजीएम १४.८ च्या वर भाजून निघते. चार्जरचा प्लस बॅटरीच्या प्लसला, पण मायनस थेट बॅटरीच्या टर्मिनलला नाही, बॉडीच्या अर्थ पॉइंटला. करंट सेन्सरमधून गेला तरच गाडीला कळतं की बॅटरी भरली.

बेसमेंटमध्ये सॉकेट हा सोसायटीचा विषय, आणि सेक्रेटरी ‘एकाला दिलं तर सगळे मागतील’ म्हणणार. त्यांना आकडा दाखवा. भरलेल्या बॅटरीवर चार्जर पाच-दहा वॉट घेतो, म्हणजे महिन्याला साधारण चार ते सात युनिट. इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगशी याची तुलनाच नाही. ज्या सोसायट्यांत इलेक्ट्रिक गाड्यांसाठी स्वतंत्र मीटरची वायर बेसमेंटपर्यंत आली आहे तिथे तर प्रश्नच मिटतो.

परवानगी नाहीच मिळाली तर गाडी चालवा. ‘रोज दहा मिनिटं चालू करून ठेवतो’ हा उपाय करू नका. आयडलिंगवर पंखे, एसी आणि बाकीची खादाडी भागवून बॅटरीला फार थोडं मिळतं, आणि इंजिन नीट गरम न झाल्याने ऑइलमध्ये ओल जमते. आठ-दहा दिवसांनी तासभर मोकळ्या रस्त्यावर न्या. आता निमित्तांना तोटा नाही: भिवंडीजवळच्या आमण्यापासून समृद्धी महामार्गावर इगतपुरीपर्यंतचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आहे. आमण्याला पोहोचेपर्यंत गाडीखाली काय काय घासतं तेवढं बघा. आणि एकदा तळाला गेलेली बॅटरी अशा एका फेरीत पूर्ण भरते या भरवशावर राहू नका. शेवटचे वीस टक्के भरायला कित्येक तास लागतात, ते काम चार्जरचं.

जंप स्टार्टची वेळ आलीच तर बेसमेंटमधल्या टेम्पोवाल्याला बोलावण्याआधी त्याची गाडी १२ व्होल्टची आहे ना हे विचारा. मोठ्या ट्रकमध्ये २४ असतात. प्लस-मायनसची अदलाबदल या गाडीला परवडत नाही, एका ठिणगीत कंट्रोल युनिट जातं आणि बॅटरीची किंमत त्यापुढे चिल्लर वाटते.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. वीसेक किलोचा डबा आहे, बहुतेक शिसंच, आणि नवी देणारा दुकानदार तिचे पैसे बिलातून वजा करतो. २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे अधिकृत विक्रेता ती नाकारत नाही. बिलावर ती वजावट वेगळी लिहून घ्या, नाहीतर ‘डिस्काउंट’च्या नावाखाली तुमचेच पैसे तुम्हाला परत देतात.